अंतिग्वांतील माझें बिऱ्हाड



परदेशीं जाऊन तेथील भाषा शिकावयाची म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें प्रथम शाळा उभी राहते, फळा उभा राहतो, फार तर एखादें जाडजूड व्याकरण उभें राहतें. स्वयंपाकघर मात्र उभें राहत नाहीं. मी २०१९ सालच्या जानेवारींत स्पॅनिश शिकण्यासाठीं मध्य अमेरिकेंतील ग्वातेमाला देशांत जाऊन सहा आठवडे राहिलें, आणि तेवढ्या अवधींत जें कांहीं शिकलें त्यांतील निम्म्याहून अधिक एका परक्या कुटुंबाच्या चुलीपाशीं शिकलें. त्या घराची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

स्पेन सोडून ग्वातेमालाच कां, असें मला पुष्कळांनीं विचारलें. कारण साधें आहे. त्या देशांतील अंतिग्वा नांवाच्या लहानशा शहरांत स्पॅनिश शिकविणें हा एक व्यवसायच होऊन बसला आहे. तेथील शाळांत आपल्यासारखा वर्ग नसतो. एका विद्यार्थ्यास एक शिक्षक, समोरासमोर दोन खुर्च्या, मध्यें एक मेज, आणि रोज चार-पांच तास संभाषण. राहण्याची सोय शाळाच एखाद्या कुटुंबांत करून देते. विद्यार्थ्यानें पैसे शाळेकडे भरावयाचे, शाळेनें त्यांतून घरवाल्यांस आठवड्याच्या हिशेबानें द्यावयाचे, आणि घरवाल्यांनीं एक खोली व सोमवारपासून शनिवारपर्यंत तिन्ही वेळचें जेवण द्यावयाचें. रविवारीं जेवण नाहीं. हा रविवार श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावा. त्याच्याकडे मी पुन्हां येणार आहें.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारें पांच हजार फूट उंचीवर आहे आणि तीन ज्वालामुखी पर्वतांच्या पायथ्याशीं वसलेलें आहे. त्यांतील एकाचें नांव 'आग्वा', म्हणजे पाणी, दुसऱ्याचें 'फ्वेगो', म्हणजे अग्नि, तिसऱ्याचें आकातेनांगो. पाण्याच्या पर्वतावरून १५४१ सालीं चिखलाचा प्रचंड लोंढा खालीं आला व स्पॅनिश लोकांची त्या वेळची राजधानी गाडली गेली. म्हणून १५४३ सालीं ही नवी राजधानी वसविण्यांत आली. तिलाही १७७३ सालच्या जुलै महिन्यांत धरणीकंपानें जमीनदोस्त केलें, आणि राजधानी १७७६ सालीं आजच्या ग्वातेमाला शहरीं हलविण्यांत आली. मागें राहिलेल्या या गांवाला लोक 'अंतिग्वा', म्हणजे जुनी, म्हणूं लागले. पडक्या चर्चांचे भग्नावशेष, दगडगोट्यांचे रस्ते आणि रंगीत भिंती यांमुळें १९७९ सालीं युनेस्कोनें तिला जागतिक वारशांत स्थान दिलें. पुण्यांत वाढलेल्या मला तेथील घरें पाहून मात्र निराळेंच कांहीं आठवलें. रस्त्याकडे कोरी भिंत, तींत एक जड दरवाजा, आणि दरवाजा उघडला म्हणजे आंत चौक, चौकांत झाडें, भोंवतीं ओसरी, ओसरीवर खोल्या. वाडाच तो, फक्त तुळशीवृंदावन तेवढें नाहीं.

त्या घरांत साठीच्या आसपासची एक विधवा बाई, तिचा मुलगा, सून व दोन नातवंडें अशीं पांच माणसें होतीं. बाईंचें नांव मी येथें सांगत नाहीं. गल्लींतील सारीं माणसें त्यांच्या नांवाआधीं 'दोन्या' हें आदराचें पद लावीत. तेवढेंच घेऊन मी त्यांना 'दोन्या' म्हणतें.

माझी पहिली चूक दुसऱ्याच दिवशीं झाली. तेथील घरोघरीं 'पिला' नांवाची एक वस्तु असते. मधोमध पाण्याचा सिमेंटचा हौद, आणि दोन बाजूंस उथळ जागा. एक भांडीं घासावयाची, दुसरी कपडे धुवावयाची. मधल्या हौदांतून वाडग्यानें पाणी घ्यावयाचें व बाजूस ओतावयाचें, अशी रीत. मीं रुमाल धुण्यासाठीं साबणाचा हात सरळ मधल्या पाण्यांत घातला. दोन्या एक शब्दही बोलल्या नाहींत. त्यांनीं हौदाचें बूच काढलें, सगळें पाणी सोडून दिलें, हौद घासला आणि पुन्हां नळ सोडला. त्या दिवशीं नळाची धार बारीक होती, त्यामुळें दुपारचीं भांडीं संध्याकाळपर्यंत तशींच पडून राहिलीं. माझ्या आजीच्या घरीं उष्टें भांडें माठांत बुडविणाऱ्या मुलाची काय गत होत असे, हें मला चांगलें आठवत होतें. म्हणजे नियम मला ठाऊक होता. तो या घरींही असेल, ही कल्पना मात्र मला आली नव्हती. परदेशीं गेलेला मनुष्य तेथें सारें निराळें असणार अशी तयारी करून जातो, आणि जें आपल्यासारखेंच आहे त्याला अडखळून पडतो.

दुसरी चूक याहून गंभीर. आणि ती चूक आहे हेंच मला चार दिवस कळलें नाहीं. त्या देशांत जेवून उठणारा मनुष्य पानावरच्या सर्वांस उद्देशून 'मुचास ग्रासियास', म्हणजे पुष्कळ आभार, असें म्हणतो; आणि बाकीचे 'बुएन प्रोवेचो' असें उत्तर देतात. याचा अर्थ जवळजवळ आपल्या 'खाल्लेलें अंगीं लागो' असाच आहे. पांच वर्षांचा नातूही खुर्चीवरून खालीं उतरतांना हें म्हणे. मी तें ऐकत होतें, पण तो आपसांतला कांहीं लडिवाळपणा असावा असें समजत होतें. आपल्याकडे घरांत कोणी कोणाचे आभार मानीत नाहीं. वाढणारीला 'आभारी आहें' म्हटलें तर ती रुसली आहे कीं काय असें वाटावयाचें. म्हणून मी आपली हंसून उठें, माझें ताट उचलीं, आणि आतां रीत कळली होती म्हणून पिलाच्या योग्य बाजूस विसळून ठेवीं. मला वाटे, किती समजूतदार पाहुणी मी! दोन्यांना वाटे, बाईला आपलें जेवण पसंत नाहीं.

जेवण वास्तविक मला फार आवडलें होतें. शिजवून घोटलेला काळा घेवडा, केळ्याचे तळलेले काप, पांढरें चीज, आणि फडक्यांत गुंडाळलेल्या गरम तोर्तिया. तोर्तिया म्हणजे मक्याची लहान भाकरीच. मात्र मका ते कोरडा दळीत नाहींत. चुन्याच्या पाण्यांत तो शिजवावयाचा, सालपटें धुवून काढावयाचीं, आणि मग ओलाच वाटावयाचा; पूर्वीं पाट्यासारख्या 'मेताते'वर वाटीत, आतां बहुधा गिरणींत. हा चुना केवळ सालें सुटावीं म्हणून नव्हे. मक्यांतील एक जीवनसत्त्व चुन्यामुळेंच शरीरास मिळूं शकतें. युरोपीय लोकांनीं मका नेला, पण चुन्याची युक्ति नेली नाहीं; त्यामुळें जेथें गरीब लोक केवळ मक्यावर राहूं लागले तेथें तेथें पेलाग्रा नांवाचा भयंकर रोग पसरला. आमच्या गल्लीच्या कोंपऱ्यावर दुपारीं बारा वाजतां चार बायका तव्याभोंवतीं उभ्या राहून हातावर तोर्तिया थापीत. तो थापण्याचा आवाज ऐकला कीं नातू फडकें घेऊन धांवे. त्या बायका आपसांत काक्चिकेल बोलत. देशांतील बावीस माया भाषांपैकीं ती एक. दोन्यांची आजी ती बोलत असे, दोन्यांना ती येत नाहीं.

चौथ्या दिवशीं रात्रीं माझ्यापुढें एक मोठा वाडगा आला. त्यांत कोंबडीचा रस्सा होता. गाजर, बटाटा, आणि वर तरंगणारी एक अख्खी तंगडी. घरांतील इतर कोणाच्याही वाडग्यांत एवढा मोठा तुकडा नव्हता. मी शाकाहारी आहें, आणि पहिल्याच दिवशीं पाठ केलेलें वाक्य मीं स्पष्ट उच्चारलें होतें: 'नो कोमो कार्ने', मी मांस खात नाहीं. मला वाटलें, ही उघड उपेक्षा आहे. मीं वाडगा दूर सारला, डोकें दुखत असल्याचें सांगितलें आणि खोलींत जाऊन दार लावलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं शाळेच्या कचेरींत जाऊन घर बदलून मागितलें. तेथील बाईंनीं कांहीं न विचारतां वही काढली व नांव लिहून घेतलें. त्यांना ही गोष्ट नवी नसावी.

त्या दिवशींचा पाठ भूतकाळाचा होता. शिक्षिका म्हणाली, काल काय घडलें तें सांगा. मीं सांगितलें. तिनें विचारलें, तुम्ही त्यांना नेमके कोणते शब्द सांगितले होते? मीं माझें वाक्य म्हणून दाखविलें, आणि ती मोठ्यानें हंसली. 'अहो, कार्ने म्हणजे आमच्याकडे गाईचें मांस. कोंबडी म्हणजे कार्ने नव्हे. तुम्ही गाईचें मांस खात नाहीं म्हणून त्यांनीं कोंबडी आणली!' मग तिनें सहज विचारलें, रोज जेवून उठतांना तुम्ही काय म्हणतां? मीं सांगितलें, कांहीं नाहीं. यावर मात्र ती हंसली नाहीं. कोंबडीचा रस्सा हा तेथें रोजचा पदार्थ नव्हे. तो सणावारीं किंवा पाहुण्यासाठीं करावयाचा. तीन दिवस मुकाट्यानें उठून जाणाऱ्या पाहुणीस राजी करण्यासाठीं त्या घरानें आपलें उत्तमांत उत्तम तें पुढें केलें होतें.

शिक्षिकेच्या स्वतःच्या घरींही पूर्वीं विद्यार्थी राहत असत. मी निघून गेलें तर काय होईल हें तिनें मला हिशेबासारखें सांगितलें. माझे राहिलेले पांच आठवडे दुसऱ्या घरास मिळतील. या घराच्या नांवापुढें विद्यार्थिनी सोडून गेल्याची नोंद होईल, आणि पुढचा विद्यार्थी पाठवितांना शाळा त्यांचें नांव यादींत खालीं ढकलील. मुलाचें काम हंगामी होतें. आठवड्याचे ते पैसे म्हणजे घरांतील एकच ठरलेली मिळकत. एवढें सांगून तिनें मला उपदेश केला नाहीं. भूतकाळाचा धडा पुढें चालूं केला. मधल्या सुटींत मी कचेरींत गेलें आणि वहींतील माझें नांव खोडावयास लावलें.

संध्याकाळीं एक कागद लिहून मीं दोन्यांच्या हातीं दिला. 'मी गाईचें मांस, कोंबडी, मासे यांपैकीं कांहीं खात नाहीं. त्यांचा रस्साही नाहीं. अंडें चालतें. आपलें जेवण मला पहिल्या दिवसापासून आवडलें आहे. उठतांना काय म्हणावयाचें तें मला ठाऊक नव्हतें.' दोन्यांनीं चष्मा लावून कागद दोनदां वाचला. मग म्हणाल्या, 'फीहेसे के...' या दोन शब्दांचा शब्दशः अर्थ 'लक्ष द्या, कीं' असा आहे. पण त्या देशांत ते ऐकले कीं पुढें कांहीं तरी अडचणीचें येणार हें ओळखावें. आपल्याकडे 'त्याचं काय झालं, कीं' अशी सुरुवात होते तशी. 'फीहेसे के मला विचारावयाचा संकोच वाटत होता.' आणि मग त्यांनीं तो कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर, दिनदर्शिकेच्या शेजारीं, टांचून ठेवला.

एवढ्यावर सारें सुरळीत झालें असें मात्र समजूं नये. दहाव्या दिवशीं मी चुलीपाशीं उभी राहून त्यांचें काम पाहत होतें. घेवडा परततांना त्यांनीं फळीवरचा डबा उघडून एक पळीभर पांढरें कांहीं तरी तव्यांत टाकलें. डब्यावर 'मांतेका' असें लिहिलेलें होतें. हा शब्द मला ठाऊक होता: डुकराची चरबी. दहा दिवस मी जो घेवडा मागून घेत होतें, तो यांतच परतलेला होता.

काय करावें? जें पोटांत गेलें तें गेलें. पण पुढचें? माझा शाकाहार कर्मठपणाचा नाहीं असें मी आजवर मोठ्या ऐटीनें सांगत आलें होतें. त्या क्षणीं पोटांत जें ढवळलें त्यावरून तो किती खोल आहे तें कळलें. दुसरीकडे, भिंतीवर माझा कागद होता. त्यांत गाय होती, कोंबडी होती, मासा होता. चरबी नव्हती, डुक्करही नव्हतें. दोन्यांनीं माझ्या कागदाप्रमाणें अक्षरशः वागून दाखविलें होतें. आतां पुन्हां नवीन कलम घेऊन त्यांच्यापुढें जाणें म्हणजे, आपण हिला दहा दिवस काय खाऊं घातलें, ही बोच त्यांच्या मनास लावणें होतें. त्या रात्रीं मीं तो घेवडा खाल्ला. ही गोष्ट मीं माझ्या घरीं आजवर सांगितली नव्हती. आज प्रथम आकाशवाणीवर सांगत आहें. तें बरोबर केलें कीं चूक, याचा निर्णय मला अद्यापि करतां आलेला नाहीं.

दुसऱ्या रात्रीं मात्र घास उतरेना, आणि तें दोन्यांनीं पाहिलें. शेवटीं मीं सांगितलें. त्यांनीं खिन्न वगैरे होण्याचें माझें सारें भाकित खोटें ठरविलें. त्या सरळ म्हणाल्या, तेलांतला घेवडा म्हणजे आजाऱ्याचें जेवण. तुम्हांला चालत असेल तर मला काय! त्या दिवसापासून माझ्यासाठीं एक लहान कढई निराळी लागूं लागली. नातवानें तींतला एक घास चाखून तोंड वांकडें केलें. आणि खरें सांगावयाचें तर मुलाचें म्हणणें बरोबर होतें.

आतां थोडें भाषेविषयीं. मराठी माणसास स्पॅनिश ही इंग्रजीवरून शिकविली जाते, हें एक दुर्दैवच आहे. इंग्रजी विद्यार्थी 'मे गुस्ता' या रचनेपाशीं आठवडाभर अडून बसतो. आपण 'मला आवडतें' असें म्हणून पुढें जावें. तेथें 'तू' आहे, आणि तो उच्चारानें व अर्थानें आपला 'तू'च आहे; आदरार्थीं 'उस्तेद' आहे; आणि ग्वातेमालांत जवळच्या मित्रांसाठीं 'बोस' म्हणून तिसरेंही आहे. मीं पुस्तकावर विसंबून दोन्यांना पहिले दोन दिवस 'तू' म्हटलें होतें! त्या घरांत मुलगा आईस 'उस्तेद' म्हणे, आणि दोन्या नातवासही बहुधा 'उस्तेद'च म्हणत. घरांतील जिनसांचीं नांवें तर ओळखीचींच निघालीं. मेज ती 'मेसा', पाव तो 'पान', साबण तो 'हाबोन'. आपल्याकडे यांतला पाव हा शब्द पोर्तुगीजांनीं आणून सोडला; पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. आणि आपला चिकू तर नांवासकट त्याच मुलखाचा. तेथें त्यास 'चिकोसापोते' म्हणतात. दोन्यांना मीं सांगितलें कीं हें फळ आमच्याकडे ठाणें जिल्ह्यापलीकडे डहाणूस वाड्यावाड्यांतून पिकतें, तेव्हां त्यांनीं विचारलें, 'मग तुम्ही तें आमच्याकडून चोरलें कीं काय?'

तिसऱ्या आठवड्यांत माझ्या हातून त्यांचा एक कप फुटला. जुना होता, जोडींतला होता. मीं घाईघाईनें म्हटलें, 'मीं कप फोडला.' दोन्या केरसुणी घेऊन आल्या आणि प्रथम माझें वाक्य दुरुस्त केलें. त्यांच्या भाषेंत अशा वेळीं कर्ता मी नसतो. कपच पडतो, आणि तो माझ्या हातून पडतो. 'से मे कायो.' ऐकतांक्षणीं मला कळलें, कारण आईनें लहानपणीं हेंच शिकविलें होतें: फोडला म्हणूं नये, हातून पडला म्हणावें. कपाचे पैसे देऊं केले ते त्यांनीं घेतले नाहींत. जोडींतला दुसरा कप मात्र त्यानंतर वरच्या फळीवर गेला.

रात्रीं गच्चीवरून फ्वेगो दिसे. दर थोड्या वेळानें गुरगुरे, आणि अंधारांत शिखरावर तांबडी रेघ उमटे. नातवंडें त्या रेघा मोजीत. मोठीं माणसें मोजीत नसत. आदल्याच वर्षीं, ३ जून २०१८ रोजीं, त्याच पर्वताच्या उद्रेकांत पायथ्याच्या वस्त्या राखेखालीं गाडल्या गेल्या होत्या. अशाच एका रात्रीं दोन्यांनीं मला ४ फेब्रुवारी १९७६ चा धरणीकंप सांगितला. त्या वेळीं त्या सतरा वर्षांच्या होत्या. पहाटेचे तीन वाजले होते. देशांत सुमारें तेवीस हजार माणसें मेलीं. 'आम्ही झोंपलों होतों,' त्या म्हणाल्या, आणि मग दुसऱ्याच भूतकाळांत, 'जमीन हालली.' स्पॅनिशमध्यें चालूं राहणारा भूतकाळ निराळा व एकदांच घडून संपणारा भूतकाळ निराळा. शाळेंत मी त्यांचीं रूपें तक्त्यावरून पाठ करीत होतें. त्या रात्रीनंतर तक्त्याची गरज उरली नाहीं. त्यानंतर महिनाभर तीं सारीं चौकांत झोंपत होतीं, असें त्या म्हणाल्या. पुन्हां पहिला भूतकाळ.

राहिला रविवार. पहिल्या रविवारीं मी खोलींतून बाहेर पडलें तेव्हां सारीं जेवावयास बसलीं होतीं. 'कोन पेर्मीसो', म्हणजे परवानगी असावी, असें पुटपुटत मी चौकांतून बाहेर गेलें आणि एका खाणावळींत महागडें व बेचव जेवण जेवलें. मनांत आलें, पैशाचा किती काटेकोर हिशेब हा! पुढें कळलें तें असें. सहा दिवस त्या घरांत परकें माणूस वावरतें. त्याच्यापुढें भांडतां येत नाहीं, रडतां येत नाहीं, उरलेलें शिळें खातां येत नाहीं. रविवार हा त्या घराचा स्वतःचा दिवस. मग मी रविवारीं सकाळींच पुस्तक घेऊन चौकांतल्या बागेंत जाऊं लागलें आणि अंधार पडल्यावर परत येऊं लागलें. पांचव्या रविवारीं निघतांना दोन्यांनीं दारांत अडविलें. म्हणाल्या, 'आज जेवण नाहीं. पण आम्ही जेवत आहों.' मी बसलें. शनिवारचा शिळा घेवडा होता. माझ्या लहान कढईंतला निराळा ठेवलेला. सून व सासू यांचें त्या दिवशीं कशावरून तरी जोराचें वाजलें, आणि माझ्याकडे कोणी पाहिलेंही नाहीं. उठतांना मीं 'मुचास ग्रासियास' म्हटलें. भांडण क्षणभर थांबवून दोघींनीं 'बुएन प्रोवेचो' म्हटलें, आणि भांडण पुढें चालूं झालें.

पुढच्या शनिवारीं सकाळीं मी निघालें. सामान दाराशीं आणीपर्यंत सुनेनें माझ्या खाटेवरची चादर काढून पिलावर भिजत घातली होती. रविवारीं नवा विद्यार्थी यावयाचा होता. दोन्यांनीं भिंतीवरचा माझा कागद काढून मला परत दिला. नवा मुलगा नॉर्वेचा आहे, त्या म्हणाल्या, आणि शाळेनें लिहून कळविलें आहे कीं तो सारें खातो. हें सांगतांना त्यांच्या मुद्रेवर जें समाधान दिसलें, तें त्यांनीं लपविण्याचा मुळींच प्रयत्न केला नाहीं.